पडद्याच्या उजव्या कडेला

कोल्हार, प्रवरातीर
रविवार, ता. ४ फेब्रुवारी १९४५

प्रिय लालमहंमद यास,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही पाठवीत आहे. तुला हवा तो ठेवून घे, उरलेला भाभींना दे. इकडे सर्व क्षेम. तिकडचे क्षेम तुझ्या पत्रात लिहिलेले असावे, पण तुझे अक्षर अजून तुझ्या वडिलांच्या नालबंदीच्या दुकानातच आहे. प्रत्येक शब्दाला नाल ठोकलेला.

आता तक्रार. ती तू पाठवलेल्या फोटोविषयी आहे आणि मी ती शास्त्राला धरून मांडणार आहे, तेव्हा मांडी घालून बस. फोटोच्या पाठीवर तू स्वहस्ते लिहिले आहेस, 'आपण दोघे, १९२७'. फोटोत तू आहेस. टोपीसकट, पोटासकट, अगदी बुटाच्या सुटलेल्या नाडीसकट आहेस. तुझ्यामागे एक बकरी आहे, तीही शेपटापर्यंत आली आहे. मी मात्र उजव्या कडेला एका कोपराच्या रूपाने विद्यमान आहे. पूर्वपक्ष म्हणेल की कोपर आहे त्या अर्थी त्याला जोडलेला माणूस असलाच पाहिजे. मान्य. पण तो माणूस मीच, याला प्रमाण काय? म्हणून घरातल्या सर्वश्रेष्ठ प्रमाणाकडे गेलो. छबूबाईने फोटो उजेडात धरला आणि निकाल दिला, "ह्ये कोपर तुमचं न्हाई. तुमचं यवढं गोरं कधी हुतं?" संपला वाद. नऊ वर्षे तुझ्या डाव्या हाताला उभा राहिलो, त्याचा पुरावा म्हणून एक कोपर उरले आणि तेही बायकोने नाकारले. फोटो मी जपून ठेवला आहे. बकरीसाठी.

तुझ्या पत्रातला मुख्य मुद्दा विसरलेलो नाही. नदीवर अंघोळीला आलेला माणूस आधी धोतराच्या घड्या घालत बसतो, तसे माझे चालले आहे. तुला पहिल्यांदाच मुख्य काम मिळाले, तेही सावकाराचे, हे वाचून मी देवीपुढे नारळ फोडला. आमच्या भगवतीला बोलपट कळत नाहीत, पण तिने मान डोलावली असे मी धरून चाललो आहे. पाडव्याला मुहूर्त. कंपनीच्या मालकाला आपली जुनी जोडी आठवते. भटजीचे काम आहे, तीन पाने भाषण आहे, त्यात संस्कृतातून एक शाप आहे, आणि तू लिहितोस, 'पंडित, हे काम देवाने तुझ्यासाठीच काढून ठेवले.' देवाने एवढी तसदी घ्यायला नको होती. आमची गाय व्यायला झाली आहे. गुडघा दुखतो. पूजेची पाळी यंदा आमच्याकडे आहे आणि गुरवाने देवी सोडून पुण्याला तोंड रंगवायला जावे हे गावाला रुचणार नाही. शिवाय उन्हाळा. एवढी कारणे एकदम दिली म्हणजे त्यातले एकही खरे नसते, असे तू म्हणशील. म्हण.

मला तू दिवसभर आठवतोस, ते मात्र खरे. मी कंपनीत आलो होतो मूकपटातल्या संवादांच्या पाट्यांचे शुद्धलेखन तपासायला. पौराणिक चित्रात देवांच्या तोंडी अशुद्ध संस्कृत नको म्हणून पाठशाळेतला एक विद्यार्थी पाहिजे होता, एवढीच माझी पात्रता. पहिल्याच दिवशी ऊन नटांच्या तोंडावर परतवणाऱ्या चंदेरी फळीला अडखळून तुझ्या पायाशी येऊन पडलो आणि डायरेक्टरसाहेबांनी भोंग्यातून विचारले, "हे पुन्हा जमेल का?" त्या 'पुन्हा'ची नऊ वर्षे झाली. मी तिसरा शिपाई झालो, सावकाराचा कारकून झालो, नवरदेवाचा मामा झालो आणि दर वेळी पडलो. तू मला शिकवलेस, "पंडित, पडताना विचार करू नकोस. पडल्यावर भरपूर वेळ असतो."

जैनुद्दीनमिस्त्री आठवतात? कॅमेऱ्याचे हँडल फिरवताना हात चुकू नये म्हणून एकच चाल गुणगुणत असत. विनोदी प्रसंगात ते हँडल मुद्दाम संथ फिरवीत, म्हणजे पडद्यावर सगळे दुडूदुडू धावे. म्हणून आपल्याला संथ हलावे लागे. मला विहिरीत पडायचे असे तेव्हा मी असा पडे, की जणू विहिरीची परवानगी विचारतो आहे. हात वर, एक पाय अधांतरी, आणि मिस्त्रींची ती चाल. लोकांना वाटे, हे लोक किती घाईत जगतात. आपण तर स्वप्नात चालल्यासारखे जगत होतो. मला अजून ती घाई शिकता आलेली नाही. परवा अंगणात पाय घसरला, तर जमीन येईपर्यंत मी तुझी वाट पाहिली.

मग बोलपट आला, आणि माणूस पडला की आवाज होतो, हे कंपनीला प्रथमच कळले. तू बोललास, राहिलास. मी गावी येऊन वडिलांची घंटा हातात घेतली. घंटेवरून आठवले. तिचा नाद गेला आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसासारखी वाजते. लढाईपायी धातूत भेसळ होते म्हणतात, पण आमची घंटा पेशवाईतली आहे. तिला हे कसे बाधले, कळत नाही. प्रवराही यंदा गप्प आहे. सुधारली आहे ती फक्त छबूबाई. पूर्वी चुलीपुढून ओरडायची, आता काही सांगायचे असले की उठून समोर येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत थांबते, मग बोलते. पन्नाशीत नवऱ्याचा मान असा वाढतो, हे कोणी मला आधी सांगितले नव्हते.

आता खरी बातमी. यात्रेला छगनचा फिरत्या सिनेमाचा तंबू आला होता आणि त्यात तुझा बोलपट! तू सावकाराचा नोकर आहेस तो. मी पुढच्या बाकावर. तुला ऐकायला म्हणून मुद्दाम आलो होतो, सदरा धुतलेला घालून. तू दारातून आत आलास, पगडी सावरलीस, तोंड उघडलेस, आणि छगनच्या यंत्राचा आवाज गेला. नुसती तेलाच्या इंजिनाची घरघर. तुझे ओठ हलत आहेत, भुवया नाचत आहेत आणि लोक निमूट बसले आहेत. काय हे सोशिक लोक! मला तुझी कीव आली. आपल्या वेळी पडद्याशेजारी उभा राहून पाट्या वाचून दाखवणारा माणूस असे. म्हटले, मित्राची वाचा गेली तर आपण आहोत. उठलो, पडद्याच्या उजव्या कडेला माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो आणि देवळातल्या आवाजात तुझी वाक्ये म्हणू लागलो. ओठांवरून जेवढी कळली तेवढी तुझी, बाकीची माझी.

लालू, लोक हसले. तोंडे उघडी, पागोटी हलत आहेत, बाया पदरात तोंड घालत आहेत. तुझ्या डाव्या हाताला काढलेल्या सगळ्या वर्षांत नुसत्या माझ्यासाठी एवढे कोणी हसले नव्हते. मला वाटले, पडद्यावरून तूही माझ्याकडे बघून हसलास.

तेव्हा मी इथे बरा आहे. पुण्यात मला पाठ करून बोलावे लागेल. इथे न सांगता बोललो तरी चालते.

तुझा
कोपरमात्र उरलेला
कानिफनाथ

* * *

कोल्हार
रविवार, ता. २५ फेब्रुवारी १९४५

प्रिय लालू,

तुझे पत्र पोचले. या खेपेस अक्षर वाचता आले, कारण तू रागात होतास आणि रागात तू ठळक लिहितोस. गाय व्याली, कालवड झाली. गुडघा बरा आहे. पूजेची पाळी चुलतभाऊ सहादेव घ्यायला तयार आहे. म्हणजे माझी कारणे एकेक करून उठून गेली आणि तंबूत मी एकटाच बसलो आहे.

तू लिहितोस की छगन रिळे परत करायला पुण्याला आला तेव्हा भेटला होता. म्हणाला, कोल्हारला त्याच्या यंत्राला काहीही झाले नव्हते. आणि तू लिहितोस, 'तू येणार नसशील तर खरे कारण लिही. तेही लिहिणार नसशील, तर मी मालकांना सांगतो की मलाही हे काम नको.' तू तसे करशील, हे मला ठाऊक आहे. नालबंदाचा मुलगा आहेस. एकदा खिळा मारलास की उपटत नाहीस. म्हणून हे पत्र.

छगनचे यंत्र बिघडले नव्हते.

मला ते त्याच संध्याकाळी कळले; मागच्या पत्रात मी ते तुझ्यापासून लपवले. खेळ सुटल्यावर लोक पाठीवर थापा मारीत होते आणि मी छगनला यंत्राची निगा राखण्याविषयी चार शब्द सुनावले. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटले, ओशाळला. घरी येताना नदीच्या वाटेवर छबूबाई थांबली. हातातला कंदील तिने वर उचलला. वाटेवर नव्हे, स्वतःच्या तोंडावर धरला. मग म्हणाली,

"मशीन बिघडलं नव्हतं. तुमचा लालूभाऊ चांगला खणखणीत बोलत हुता. तुमीच त्याचा आवाज झाकला."

मी विचारले, मग लोक हसले का? ती म्हणाली, तो एक बोलतोय, तुम्ही दुसरंच बोलताय, हसतील न्हाई तर काय करतील? आणि दोनदा तर तुमचं दोघांचं एकच वाक्य एकदम आलं, तवा तंबू पडायचा राहिला.

म्हणजे इंजिनाची घरघर समजून मी जी ऐकत होतो, तो तू होतास.

त्या कंदिलावरून मला बाकीचेही कळले. तिचा माझ्याविषयीचा आदर वाढलेला नव्हता. ती वर्षभर समोर येऊन, उजेडात उभी राहून बोलत होती, मला कळू न देता. वाटेने चालताना ती माझ्या उजव्या बाजूने चालते, तेही उगाच नाही. घंटेत भेसळ नाही. प्रवराही गप्प नसावी. एवढ्या सगळ्यांवर आळ घेतला, क्षमा मागायची तर कोणाकोणाची मागू?

नगरला जाऊन डॉक्टरांना दाखवले. भल्या माणसाने कानात नळी घातली, दिवा लावला, घड्याळ धरले. डावा गेलेला आहे. उजवा जाण्याच्या वाटेवर आहे. माझ्या वडिलांनाही शेवटी ऐकू येत नव्हते आणि आजोबांनाही. आमच्या घराण्याने तीन पिढ्या देवीचा नगारा वाजवला, ही त्याची बिदागी असावी किंवा रक्तातच असेल, असे डॉक्टर म्हणाले. आता डावा कान म्हटल्याबरोबर तुझ्या मनात काय आले ते मला इथून दिसते आहे. तुझा उजवा हात आणि माझा डावा गाल. लालू, ऐक. नऊ वर्षांत तुझा हात मला एकदाही लागला नाही. बोटभर अंतरावरून जायचा. वारा लागे, तेवढाच. मान मी माझी मीच फिरवीत होतो. प्रेक्षकांना हे कळले असते तर त्यांनी तिकिटाचे पैसे मागितले असते. तेव्हा रात्री जागू नकोस, आणि हकिमाला घेऊन इकडे धावूही नकोस.

माझे वाईट चालले आहे असे समजू नको. बुधवारी बाजाराला गेलो होतो. मनमाडच्या रस्त्यावरून गाड्या येत होत्या, आणि त्यांच्या चाकांना आवाज नव्हता. धूळ उठायची आणि आवाजाशिवाय बसायची. एक शेतकरी आणि एक व्यापारी वांग्यांवरून भांडत होते. हात वर, मान मागे, डोळे मोठे. मी उभा राहून बघत बसलो. आपल्या कंपनीत या दोघांना कोणीही कामाला ठेवले असते. मी मनातल्या मनात त्यांच्या पाट्या लिहिल्या, शुद्ध लिहिल्या. चिमण्या येतात, चोची उघडतात, मिटतात. देवळात आरतीला पन्नास तोंडे एकदम उघडतात आणि मी नगाऱ्यावर हात ठेवून असतो, तो मला छातीतून कळतो. लालू, जग पुन्हा मूकपट झाले आहे, आणि ते फार वाईट दिसत नाही. फक्त आता मी त्यात पडत नाही, सांभाळून चालतो.

आणि गंमत सांगू? सगळेच गेलेले नाही. जैनुद्दीनमिस्त्रींची ती चाल मला स्वच्छ ऐकू येते. त्यात ते ज्या ठिकाणी खोकत, तो खोकलासुद्धा. डायरेक्टरसाहेबांचा भोंगा ऐकू येतो. आईचे "कानिफा, ऊठ" ऐकू येते. हे आतून येतात, त्यांना कान लागत नाहीत.

आता तुझ्या कामाविषयी. तू ते करायचेस. माझ्यासाठी सोडशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि तू बोललास तर मला ऐकू येणार नाही. म्हणजे मैत्री दोन्ही बाजूंनी संपेल. भटजीचे काम दुसऱ्या कोणाला तरी दे. शाप मी शुद्ध करून सोबत पाठवला आहे, त्यात एक अक्षर बदलू देऊ नकोस. मला ते जमणार नाही याचे कारण भाषण नाही; पाठ तर मी आजही तिन्ही पाने एका दिवसात करीन. पण तुझे वाक्य संपले की माझे सुरू व्हायचे, आणि तुझे कधी संपले हे मला कळणार नाही. पूर्वी मारायच्या आधी तू टाच दोनदा आपटायचास, ती फळीतून माझ्या तळव्यांना कळे. आता टाच आपटलीस तर ती आवाज टिपणाऱ्या यंत्रात उमटेल. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहीन, आणि लोकांना वाटेल, भटजी सावकाराच्या प्रेमात पडला आहे.

इतका वेळ मी जे लिहायचे टाळले, ते आता लिहितो. यात विनोद शोधू नकोस, मी ठेवलेला नाही.

त्या संध्याकाळपासून मी रोज तुला आठवतो. डोळे मिटले की तू येतोस. टोपी, पोट, सुटलेली नाडी. तू कसा वळायचास, हसताना आधी खांदे कसे हलायचे, सगळे येते. तू तोंड उघडतोस. 'पंडित' म्हणतोस, हे ओठांवरून कळते. आणि पुढे काही नाही. मिस्त्रींचा खोकला येतो, तुझा आवाज येत नाही. जाडा होता की बारीक, हे मला शब्दांत सांगता येईल. पण ऐकू येत नाही. नऊ वर्षे आपण दिवसभर बोललो, पडद्यावर त्यातले एक अक्षर उतरले नाही. ते सांभाळायचे काम माझ्याकडे होते, असे मी समजत होतो. आज तुझा आवाज डब्यात भरून गावोगाव फिरतो, खेड्यातली पोरेसोरेही तुझी नक्कल करतात, आणि मी तंबूत पुढच्या बाकावर बसून त्याला इंजिन समजलो.

म्हणून मी पुण्याला येणार नाही, तू इकडे ये. मुहूर्ताच्या आधी ये. नगरहून मोटार निघते, फाट्यावर उतर, मी तिथेच उभा असेन. उजवा कान अजून पुरता मिटलेला नाही, आणि तुझ्या बाजूचा तोच आहे. त्याच्याशी तोंड आणून काहीही बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल, जुन्याच दे. मी या वेळी मध्ये बोलणार नाही.

बहिरा होण्याची मला मोठीशी भीती नाही. तो कान मिटायच्या आत तुझा आवाज मला परत सापडला नाही तर काय, एवढीच काळजी आहे.

तुझ्या डाव्या हाताला उभा,
कानिफनाथ